तपासणीवाली बाई

२४ नोव्हेंबर १९५७, रविवार

ठेकेदाराने यांना वर्षाच्या सुरुवातीला दिलेली ही डायरी कोरीच पडून होती. हे दिवसभर डेपोत बांबूच्या बैलबंड्या लिहून घेतात, घरी आल्यावर पेन हातात धरायचा कंटाळा करतात. मी मागितली तर म्हणाले, "घे. आरमोरीच्या शाळेत सातवीपर्यंत गेली, ते वाया नको जाऊ देऊ." म्हणून आजपासून लिहिते आहे.

आज गावात लिहिण्यासारखं घडलंही. पोंभुर्ण्याला महारोगाचा सरकारी दवाखाना लागला आहे. तिथले डॉक्टर आणि एक नर्सबाई शाळेत आले होते. गावातल्या एकूणएक माणसाच्या अंगावर चट्टा आहे का ते पाहणार. आज पुरुषांची पाळी होती, बायकांची नंतर. लोक कुरकुरत होते. धडधाकट माणसाने कपडे काढून का उभं राहायचं? नानाजी सरपंचांची म्हातारी आई म्हणाली, माझी लाकडं गेली स्मशानात, आता मला कोण पाहते. त्यावर नर्सबाई म्हणाली, "जवान माणसाचा चट्टा लवकर सापडला तर त्याचे हातपाय वाचतात, आजी. म्हाताऱ्याचा सापडला तर घरातली नातवंडं वाचतात. म्हणून सगळ्यांनाच पाहायचं." बोलणं तर मोठं गोड.

नाव रंभा. नावच असं ठेवल्यावर काय बोलायचं. वर्ध्याकडची आहे, नवरा वारला, एकटी राहते. पांढरं लुगडं, हातात घड्याळ. दिसायला सावळी, काही विशेष नाही.

आमचे हे मुन्शी, लिहिता-वाचता येणारे, म्हणून नावं लिहायला टेबलाशी तिच्या शेजारीच बसले होते. बाकीच्यांना धीर यावा म्हणून पहिली तपासणी स्वतःचीच करून घेतली असं सांगत होते. काही निघालं का विचारलं, तर म्हणाले, "काई नाई." जेवले मात्र अर्धवट.

१ डिसेंबर, रविवार

थंडी पडली आहे. हे पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, घरातसुद्धा बाह्या वर करत नाहीत. दिवाळीपासून गावात दंडारीची, नाचगाण्याच्या खेळाची, तालीम चालू आहे. दरवर्षी तबला हेच वाजवतात. काल तबला उचलला आणि बंडीवाल्या लटारूच्या घरी ठेवून आले. मी कारण विचारलं, म्हणाले, मन लागत नाही.

मन कुठे लागलं आहे, हे नाही सांगितलं.

या आठवड्यात तीनदा तरी तिचं नाव निघालं. रंभाबाई म्हणे असं, रंभाबाई म्हणे तसं. माझ्या बोलण्यातली एखादी गोष्ट यांनी कधी दुसऱ्याला सांगितली आहे का, ते मी आठवून पाहिलं. आठवली नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. सकाळी अंगणात शेकोटीजवळ हे बिडी ओढत बसले होते. मी तांदूळ निवडत होते. बिडी जळत जळत बोटांपर्यंत आली तरी यांना पत्ता नाही. मला कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मीच ओरडले. यांनी बिडी टाकली, बोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. चेहरा असा, जसा चोरी करताना सापडलेल्या माणसाचा.

माणसाने कुणाच्या विचारात इतकं बुडावं, की आपलं बोट जळतं आहे हेही कळू नये? लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा यांचं माझ्यासाठी असं झालं नव्हतं.

बोटाला खोबरेल लावायला गेले, तर हात मागे घेतला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

डेपोच्या कामाने पोंभुर्ण्याला जातो म्हणून हे सकाळीच गेले. मागच्या शुक्रवारीही गेले होते. दुपारी लटारू बंडी घेऊन परत आला. त्याला सहज विचारलं, मुन्शीजी कुठे भेटले का. म्हणाला, "भेटले नं वैनी. दवाखान्याच्या पायरीवर बसून होते."

संध्याकाळी हे आले तेव्हा मी विचारलं, डेपोचं काम झालं का. झालं म्हणाले. मी ताट वाढलं आणि वळून चुलीकडे तोंड केलं.

१७ डिसेंबर

हे आता बाहेर छपरीत झोपतात. खोकल्यामुळे आमच्या मंगलीची झोप मोडते म्हणे. मला तर खोकला ऐकू येत नाही. पाण्याचा गडवा वेगळा, पंचा वेगळा, आणि तो पंचा स्वतः धुतात. मला हात लावू देत नाहीत. तिच्या स्वच्छतेच्या गोष्टी ऐकून आम्ही आता यांना घाणेरडे वाटायला लागलो असू.

मंगली यांच्या मांडीवर चढायला गेली, तर तिला दोन्ही हातांनी दूर केलं. सहा वर्षांची पोर. रडत माझ्याकडे आली. माझ्यावरचं मन उडालं तर उडालं, पण पोटच्या पोरीवरचं?

२० डिसेंबर, शुक्रवार

आज मीही काही कमी केलं नाही. माहेरहून आणलेलं हिरवं लुगडं नेसले, काजळ घातलं, वेणीत शेवंती माळली आणि दारात उभी राहिले. हे पोंभुर्ण्याला निघाले होते. अंगणात थांबून माझ्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "चांगली दिसते कमळा." यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी नीट पाहिलं. मग चपला घातल्या आणि गेलेच.

अपराध ज्याच्या मनात असतो त्याच्याच डोळ्यांत असं पाणी येतं. मी लुगडं सोडून पेटीत टाकलं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज मी मागोमाग गेले. शेजारच्या गुणाबाईला पोंभुर्ण्याला बांगड्या भरायच्या होत्या, तिच्या बंडीत बसले. तिला बाजारात सोडलं आणि दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेले. खिडकी उघडी होती.

हे स्टुलावर बसले होते, सदरा काढून. ती समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिने यांचा कोपर आपल्या हातात धरला होता आणि बोटांनी चाचपत होती. मग तिने कोंबडीचं एक पीस घेतलं आणि यांच्या दंडावरून खाली मनगटापर्यंत हळूच फिरवलं. यांचे डोळे मिटलेले. ती विचारायची, "आता?" हे मान हलवून नाही म्हणायचे. पुन्हा पीस फिरवायची, पुन्हा विचारायची, "आता?" लहान मुलं खेळतात तसा खेळ. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्याशी हे असा खेळ कधी खेळले नाहीत.

मी भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ बसले कोण जाणे. गुणाबाई शोधत आली तेव्हा उठले.

२९ डिसेंबर, रविवार

तळ्यावर धुणं धुताना गुणाबाईला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तिने विचारलं आणि माझा बांध फुटला. यांचं नाव आधी नाही घेतलं. एवढंच म्हटलं, ती बाई पुरुषांना उघडं बसवते आणि पिसांनी गुदगुल्या करते. मग नावही सांगितलं.

गुणाबाई लुगडं पिळता पिळता थांबली. मग म्हणाली, "असल्या बाईपुढं आपण अंग उघडं करावं काय? मी तर नाई जाणार. कोणालेच नाई जाऊ देणार." माझ्यापेक्षाही तिला जास्त राग आला. माझ्यासाठी इतकं कुणाला वाटतं हे पाहून बरं वाटलं.

५ जानेवारी १९५८, रविवार

आज बायकांची तपासणी होती. ती शाळेत एकटी बसून राहिली. दारावर चादर बांधली होती, आत पाट मांडला होता. गावातली एकही बाई गेली नाही. आम्ही विहिरीवरून पाहत होतो. दुपारी तिने डबा उघडला आणि एकटीनेच चटणी-भात खाल्ला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग ती आमच्या दारी आली. हे डेपोत होते. म्हणाली, "कमळाबाई, तुम्ही आलात तर बाकीच्या येतील. आणि मला तर तुम्हाला पाहायचंच आहे."

मी म्हटलं, "ज्याले पाहायचं त्याले तर तुमी दर शुक्रवारी पाहता."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. आता उत्तर देईल म्हणून मी वाट पाहिली. ओसरीवर मंगली खेळत होती, तिच्याकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि ती निघून गेली.

खरं नसतं तर बोलली असती.

८ जानेवारी

गोष्ट नानाजींपर्यंत गेली. रविवारी पंचायत बसणार आहे. या बाईला इथून हलवा म्हणून जिल्ह्याला, चांद्याला अर्ज करणार आहेत. हे दोन दिवस जेवलेले नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

सगळं आजच लिहून ठेवते.

शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. पुरुष पुढे, आम्ही बायका भिंतीशी. मंगली माझ्याजवळ. रंभाबाई एकटी उभी होती, तिला कुणी बसा म्हटलं नाही.

नानाजी म्हणाले, "मुन्शी दर शुक्रवारी तुमच्याकडे काऊन येते, हे गावाले समजलं पायजे, बाई."

ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही."

नानाजींनी पुन्हा विचारलं. तिने तेच उत्तर दिलं. मग ते म्हणाले, आम्ही वर लिहू, तुमची नोकरी जाईल, बदनामी होईल ती वेगळी. ती म्हणाली, "लिहा." आवाज शांत होता, पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. मला तेव्हाही वाटलं, किती निर्लज्ज.

तेवढ्यात हे उठले. म्हणाले, "त्या बाईले नका विचारू. मले विचारा." कोट काढून जमिनीवर ठेवला. सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात उन्हात धरला. दंडाच्या मागच्या बाजूने कोपरापर्यंत एक फिकट चट्टा होता, तळहाताएवढा. मी या माणसाची बायको, मी तो पाहिलेला नव्हता.

"मले मोठा रोग आहे," हे म्हणाले. "इथी सुई टोचली तरी समजत नाई, बोटं जळली तरी समजत नाई. पहिल्या तपासणीतच निघालं. दवाखान्यात मी गोळ्या घ्याले जातो. कोणाले सांगू नका म्हणून मी या बाईच्या पाया पडलो होतो, म्हणून ती बोलली नाई."

पुढे बसलेले पुरुष सरकले. ओरडलं कुणीच नाही, फक्त सरकले. जमिनीवर घासल्याचा आवाज झाला आणि यांच्या भोवती मोकळी जागा पडली. मंगली माझा हात सोडून बाबा म्हणत धावली. हे दोन पावलं मागे झाले आणि म्हणाले, "येऊ नको, माय. तिथीच थांब."

तेव्हा मला कळलं. छपरी, गडवा, पंचा, सगळं.

रंभाबाईकडे पाहिलं. ती यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

मी कशी गेले ते आठवत नाही. मंगलीला उचललं आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन यांच्या बाजूला बसले. हे म्हणाले, "कमळा, उठ." मी उठले नाही.

१३ जानेवारी

रात्रभर रडले असेन, आणि त्यातलं किती यांच्यासाठी होतं ते मला माहीत नाही. पहाटे चूल पेटवताना पहिला विचार आला तो हाच, की यांचं दुःख दीड महिना त्या बाईला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. दोघांचं एक गुपित होतं. मी समजत होते ते निघालं नाही, तरी गुपित होतंच.

यांना चहा दिला, आणि विचारलं, "मले काऊन नाई सांगितलं?"

यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "तू निघून गेली असती तर."

"कुठी?"

"आरमोरीले, माहेरी. पोरीले घेऊन. गेली असती तर मी अडवलं नसतं, अन् अडवलं नसतं म्हणूनच सांगितलं नाई."

मी म्हटलं, "मग तिले बरं सांगितलं."

तर म्हणाले, "तिले सांगा नाई लागलं. तिनं पाहिलं."

आवाजात टोमणा नव्हता, होतं तसं सांगितलं. हे डेपोत गेले नाहीत, ठेकेदाराने निरोप पाठवला आहे की येऊ नका. मी दिवसभर कामं केली, आणि ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. महिनाभर मीही यांच्याकडेच डोळे लावून बसले होते. बाह्या पाहिल्या, जळलेलं बोट पाहिलं, डोळ्यांतलं पाणी पाहिलं.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. विहिरीवर गेले तर बायका दोर सोडून बाजूला झाल्या. मी पाणी भरून निघाल्यावर कुणीतरी काठावर राख टाकली. मंगलीला शेजारच्या पोरींनी खेळायला घेतलं नाही.

तिळाचे लाडू आम्ही तिघांनी खाल्ले. यांना मी घरात बसवून वाढलं.

१९ जानेवारी, रविवार

रंभाबाई आली. वाटलं होतं, आता ही कशाला येते. पायरीवर उभी राहून म्हणाली, "तुमची आणि मुलीची तपासणी राहिली आहे." बस, इतकंच. मी तिच्याविषयी गावभर जे केलं त्याबद्दल तिने काहीतरी बोलावं म्हणून मी थांबले. शेवटी मीच म्हटलं, "माझ्यामुळं तुमची नोकरी गेली असती." तर म्हणाली, "गेली नाही ना. मग आधी मुलीला आणा, उजेड आहे तोवर."

मंगली ठीक आहे. मग मी दार लावून पाठ उघडी केली. तिची बोटं थंड होती. सगळीकडे नीट पाहिलं, कोपराच्या शिरा चाचपल्या आणि म्हणाली, काही नाही. डॉक्टरांच्या मते यांचा रोग दुसऱ्याला लागणाऱ्यातला नाही, म्हणाली. छपरीत झोपायची गरज नाही, हे तिने यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरी सांगा, बायकोला घेऊन या, असं दर शुक्रवारी सांगायची. हे ऐकायचे नाहीत. गोळ्या काही वर्षं घ्याव्या लागतील, पण रोग थांबेल.

काही नाही म्हटल्यावर आनंद व्हायला हवा. झालाही. पण त्याआधी क्षणभर असं वाटलं, की माझ्याही अंगावर एखादा चट्टा निघाला असता तर शुक्रवारी यांच्यासोबत मीही गेले असते. असा विचार करणारी बाई जगात दुसरी नसेल. मी तो तिला सांगितला नाही.

ती निघणार इतक्यात परसाच्या दाराशी गुणाबाई दिसली. आत येईना. मी जवळ गेले तर म्हणाली, "कमळा, ती बाई अजून आहे काय?" आणि रडायलाच लागली. तिच्या पाठीवर दोन चट्टे आहेत. मुलाचं लग्न झालं त्या वर्षापासूनचे. सून घरात घेणार नाही म्हणून तिने कुणाला दाखवले नव्हते. आणि मला वाटलं होतं, तळ्यावर तिला राग आला तो माझ्यासाठी.

रंभाबाईने तिला आत घेतलं. मी दाराबाहेर बसून राहिले, कुणी येऊ नये म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार

मध्ये लिहायला सवड झाली नाही. डॉक्टर स्वतः ठेकेदाराला भेटले, आणि हे सोमवारपासून परत डेपोत जातात. यांना वेगळी चटई टाकून दिली आहे, गडीमाणसं लांबूनच बोलतात. पण बंड्या येतात, हे लिहितात. नानाजींच्या आईने काल सगळ्यांसमोर शाळेत जाऊन तपासणी करून घेतली. तिच्या मागे सुना गेल्या, सुनांच्या मागे आणखी काही बायका. विहिरीवर अजून दोर सोडतात, पण राख टाकत नाहीत.

आज रंभाबाई घरी आली होती. बधिर हाताला भाजलं, चिरलं तरी कळत नाही, आणि तिथेच जखम चिघळून बोटं जातात, असं तिने समजावलं. घरच्या कुणीतरी रोज संध्याकाळी दोन्ही हात उजेडात धरून एकेक बोट पाहायचं, तेल लावायचं, फोड दिसला की बांधायचं. कसं पाहायचं ते दाखवायला ती पुढे सरकली आणि यांचा हात घ्यायला लागली.

मी म्हटलं, "तुमी तिकून सांगा, बाई. हात मी धरीन."

ती हसली आणि चटईवर मागे सरकून बसली. हेही हसले, किती दिवसांनी.

मी यांचा हात मांडीवर घेतला. ती सांगत गेली, मी पाहत गेले. अंगठा, तर्जनी, पेरं, नखांच्या कडा. करंगळीच्या बाहेरच्या कडेला, लिहिताना जी कागदावर घासते तिथे, पाणी भरलेला एक बारीक फोड होता. यांना ठाऊक नव्हता. रंभाबाईला तो तिथून दिसत नव्हता, मी दाखवल्यावर ती वाकली आणि म्हणाली, बरं झालं, आजच सापडला.

फडकं फाडून मी तो बांधला. तो तिच्या आधी मी पाहिला.